वेस्टकापेलेचं दीपगृह : चर्च गेलं, मनोरा राहिला

दीपगृह काढा म्हटलं की मुलं लाल-पांढरे पट्टे ओढून मोकळी होतात. त्यांना एकदा नेदरलँडमधल्या वेस्टकापेलेचं दीपगृह दाखवा. जाडजूड, चौकोनी, विटांचं. दीपगृह वाटतच नाही, कारण तो मुळात चर्चचा मनोरा आहे.

झीलंड प्रांतात, वाल्खरेनच्या पश्चिम टोकाला हे गाव आहे. चर्च पंधराव्या शतकातलं. सुमारे ५२ मीटर उंच मनोऱ्यावर १८१८ साली दिवा बसवला. १८३१ मध्ये चर्च आगीत गेलं, मनोरा तेवढा उरला. (चित्रकार पीट मॉन्द्रियानने तो रंगवलाय, चित्रकलेच्या तासाला दाखवता येईल.)

गावात दुसरंही दीपगृह आहे. समुद्राच्या बांधावरचं, बुटकं, ओतीव लोखंडाचं, १८७५ सालचं. दोन कशाला? इथेच खरा पाठ आहे. खलाशाला दोन्ही दिवे बरोबर एकावर एक दिसले की जहाज सुरक्षित रेषेवर आहे. बाजूला वाळूचे उथळ पट्टे, तिथे जहाज रुतायची भीती.

मैदानात करून बघा. एक आखूड काठी रोवा, तिच्या मागे दहा पावलांवर उंच काठी. मुलांना लांब उभं करा. आखूड काठी उंच काठीच्या डावीकडे दिसली, तर कुठे सरकायचं? बरीच मुलं उजवीकडे म्हणतील. सांगू नका, चालू द्या. डावीकडेच जावं लागतं, हे पायांना आधी कळतं.

ही वाट शेल्ड नदीच्या मुखाकडे, पुढे अँटवर्प बंदराकडे जाते. १९४४ मध्ये अँटवर्प दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं, पण मुखाशी जर्मन फौजा, त्यामुळे जहाजं आत येईनात. जर्मनांना हटवण्यासाठी ३ ऑक्टोबरला ब्रिटिश विमानांनी वेस्टकापेलेचा बांध फोडला. सखल वाल्खरेनमध्ये समुद्र शिरला. गावातली दीडशेच्या आसपास माणसं गेली, घरं गेली. मनोरा उभा राहिला.

हा भाग गाळू नका. "बाई, बॉम्ब शत्रूने टाकले ना?" असं कुणीतरी विचारेलच. नाही, सोडवायला आलेल्यांनी टाकले, असं सरळ सांगा आणि मुलांना बोलू द्या. घाईने बरोबर-चूक ठरवू नका. बांधाचं ते भगदाड बुजायला ऑक्टोबर १९४५ उजाडला. तोवर रोजची भरती-ओहोटी गावातून ये-जा करत होती.