कराच्या दाव्यातील सरकारी वकील

सरकारी वकील म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना खुनाचा खटलाच आठवतो. उच्च न्यायालयात राज्याच्या करांची बाजू मांडणारा सहायक सरकारी वकील मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद 265 सांगतो. या वकिलाचे निम्मे काम यातच आले. व्यापारी अनुच्छेद 226 खाली रिट याचिका दाखल करतो. मग नवख्या वकिलाची पहिली धावपळ कर अधिकाऱ्याकडून मूळ फाइल मिळवण्याची. (आम्ही बँकेतले कारकून; फाइल वेळेवर न येणे म्हणजे काय, हे आम्हास कोणी सांगायला नको!)

फाइलमध्ये पाहायचे काय? महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 च्या कलम 75(4) प्रमाणे, व्यापाऱ्याच्या विरुद्ध निर्णय होण्यासारखा असेल तर त्याला सुनावणीची संधी दिलीच पाहिजे. ती दिली नसेल, तर कर खरोखर देणे असला तरी आदेश टिकणे कठीण. असे आढळल्यास अधिकाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे आणि प्रकरण फेरसुनावणीस पाठवण्यास न्यायालयात संमती द्यावी. वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे हे बोलणे नवख्याला जड जाते. पण आमच्या मते राज्याची खरी बाजू तीच. खोट्या आदेशासाठी भांडून तिजोरीत काही पडत नाही.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी 2005 पासून अमलात असलेला मूल्यवर्धित कर कायदाही वाचावा. पेट्रोल, डिझेल व पिण्याच्या दारूवर आजही तोच लागू आहे.