काकडीच्या धावपट्टीकडे पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोपरगाव, राहाता, संगमनेर, श्रीरामपूर या पट्ट्यातले पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "शिर्डीला विमानतळ झालंय, तर आमच्या पोराला तिथं काही जमेल का?" प्रश्न रास्त आहे. डोक्यावरून रोज विमान जाते, जवळच जमिनी गेल्या, रस्ते रुंद झाले, मग त्यातले काहीतरी घरात यावे असे वाटणारच. या प्रश्नाचा गैरफायदा घेणारेही तेवढ्याच जोरात कामाला लागले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिर्डीच्या नावाने ओळखला जाणारा हा विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या शिवारात आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साईबाबांच्या समाधीच्या शताब्दी वर्षाचा तो प्रारंभ होता. मालकी आणि कारभार महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, म्हणजे नागपूरचा मिहान प्रकल्प उभा करणाऱ्या राज्य सरकारच्याच कंपनीकडे आहे. धावपट्टी अडीच हजार मीटरची. पहिल्या टप्प्यातली इमारत गर्दीला अपुरी पडू लागली, आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ६४५ कोटींहून अधिक खर्चाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. रात्री विमान उतरवण्याची परवानगी २०२३ मध्ये मिळाली, आणि मार्च २०२५ च्या अखेरीस हैदराबादचे प्रवासी विमान रात्री येऊन उतरले. २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे. समृद्धी महामार्ग कोपरगावजवळून जातो. थोडक्यात, या विमानतळाची वाढ होणार याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

पण विमानतळ वाढणे आणि तुमच्या मुलाला तिथे नोकरी लागणे यांत बरेच अंतर आहे. साखर कारखाना उभा राहिला की पंचक्रोशीतली शेकडो घरे त्यावर जगतात, हे आपण प्रवरेपासून संजीवनीपर्यंत पाहिले. प्रादेशिक विमानतळाची भरती तशी होत नाही. दिवसाला मोजकी विमाने, त्यांच्यापुरतीच माणसे, आणि त्यांतली बरीचशी कंत्राटी. शिवाय एकाच इमारतीत वावरणाऱ्या या माणसांचे मालक वेगवेगळे. बोर्डिंग पास देणारी मुलगी विमान कंपनीची किंवा ग्राउंड हँडलिंग एजन्सीची, टॉवरमधला अधिकारी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा, इंधन भरणारा तेल कंपनीचा, झाडलोट आणि ट्रॉल्या ठेकेदाराकडे. म्हणून "विमानतळावर नोकरी लावतो" असे कोणी म्हणाले, तर त्याला पहिला प्रश्न विचारावा : पगार कोणाच्या खात्यातून येणार?

माझे मत स्पष्ट आहे. विमानतळ जवळ असल्यामुळे मुलांना हे क्षेत्र डोळ्यांनी पाहता येते, हा त्याचा मोठा फायदा. नोकरीसाठी मात्र सगळा देश गृहीत धरावा, आणि मार्ग निवडावा तो सरकारी लायसन्सचा किंवा स्पर्धा परीक्षेचा. २०१४ मध्ये देशात ७४ विमानतळ चालू होते, आज दीडशेच्या पुढे आहेत. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला. ज्याच्या हातात लायसन्स आहे त्याला काकडी, नवी मुंबई आणि गुवाहाटी सारखेच.

छोट्या विमानतळावर विसंबून राहणे का धोक्याचे, हे २०१९ च्या नोव्हेंबरात दिसले. अवकाळीनंतर हवा धूसर झाली आणि शिर्डीची विमानसेवा जवळपास महिनाभर बंद पडली. मोठ्या विमानतळांवर इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम असते. जमिनीवरचे दोन रेडिओ सिग्नल विमानाला धावपट्टीची मध्यरेषा आणि उतरण्याचा कोन सांगतात, त्यामुळे धुक्यातही विमान बरेच खालपर्यंत आणता येते. तेव्हा इथे ती सोय नव्हती. धावपट्टी पायलटच्या नजरेला लांबूनच दिसली पाहिजे, अशी अट होती. त्या महिन्यात टॅक्सीवाल्यांचे आणि लॉजवाल्यांचे जे हाल झाले ते शिर्डीत कोणालाही विचारा. पुढे कोविडने तर सगळेच थांबवले.

याच घटनेकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. ही लँडिंग यंत्रणा बसवणारा, तिचा सिग्नल रोज तपासणारा, बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस कोण? तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, विमानतळ प्राधिकरणातला ज्युनियर एक्झिक्युटिव्ह. ही पदे, तशीच सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलची पदे, अलीकडे गेट या परीक्षेच्या गुणांवर भरली जातात. कोपरगावच्या संजीवनीत, लोणीच्या प्रवरेत किंवा संगमनेरच्या अमृतवाहिनीत शिकणाऱ्या मुलांना गेट म्हणजे फक्त एमटेकचा दरवाजा वाटतो. तिसऱ्या वर्षापासून तयारी केली तर हा दरवाजाही त्याच किल्लीने उघडतो.

आता टॉवरबद्दल. एअर ट्रॅफिक कंट्रोलर हे पद ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी सर्वांत चांगले आहे असे मी मानतो, आणि दुर्दैवाने दहातल्या नऊ घरांत त्याचे नावही ठाऊक नसते. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी, किंवा एखाद्या सत्रात हे दोन विषय असलेली कोणत्याही शाखेची इंजिनिअरिंग पदवी, एवढी पात्रता लागते. खुल्या गटाला वयोमर्यादा २७ वर्षे, राखीव गटांना नियमानुसार सवलत. २०२५ मध्ये ३०९ जागांची जाहिरात आली होती. लेखी परीक्षा संगणकावर होते. निम्मे गुण भौतिकशास्त्र-गणिताचे, निम्मे इंग्रजी, बुद्धिमापन, सामान्यज्ञान यांचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मूळ वेतन चाळीस हजारांपासून सुरू होते, भत्ते धरून वर्षाला तेरा लाखांच्या आसपास जाते. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्रयागराजला किंवा आपल्याच गोंदियाला होते, आणि त्या काळातही पैसे मिळतात. बापाची जमीन विकावी लागत नाही.

यातली खरी अडचण इंग्रजीची. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी होते. पुढे आयुष्यभर हेडफोनमधून येणारे खरखरीत शब्द नेमके ऐकून तितकेच नेमके उत्तर द्यायचे असते. एक छोटी गोष्ट सांगतो. काकडीच्या धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ असे मोठे आकडे रंगवले आहेत. होकायंत्राचे अंश दहाने भागले की हे आकडे येतात : ९० म्हणजे पूर्व, २७० म्हणजे पश्चिम. वारा पश्चिमेकडून असला की विमान २७ वरून, म्हणजे वाऱ्याला सामोरे जात, उतरवायचे. टॉवर हा आकडा 'ट्वेंटी सेव्हन' असा उच्चारत नाही, 'टू सेव्हन' असा एकेक अंक सुटा बोलतो, आणि पायलट तो पुन्हा म्हणून दाखवतो. अकरावीच्या मुलाला मी हे समजावून देतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळते की भूमितीतले कोन आणि इंग्रजी उच्चार एकाच नोकरीत लागतात. ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले त्यांनी बिचकू नये. या इंग्रजीला अलंकार लागत नाहीत, स्पष्टपणा लागतो, आणि तो रोज अर्धा तास मोठ्याने वाचून दोन वर्षांत येतो.

पायलट होण्याच्या वाटेवर मात्र पालकांना थांबवून बोलावे लागते. मध्यंतरी राहात्याकडचे एक पेरू बागायतदार मुलाला घेऊन माझ्याकडे आले. हातात कुठल्याशा संस्थेचे चकचकीत माहितीपत्रक होते.

"सर, पंचेचाळीस लाख सांगितलेत. रस्त्याकडेचं दीड एकर काढावं म्हणतो."

"मुलाचं मेडिकल झालंय का?"

"चष्मा नाही हो त्याला. तब्येत चांगली आहे."

चष्मा हा अडथळा नाहीच. चष्म्याने नजर पूर्ण सुधारत असेल तर चालते. रंग ओळखण्यात दोष निघाला, कानात, हृदयात काही निघाले, तर मात्र सगळे तिथेच थांबू शकते. म्हणून एक रुपया भरण्याआधी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून क्लास टू आणि त्यानंतर क्लास वन मेडिकल करून घ्यावे. त्या बागायतदारांना माहितीपत्रकाच्या कोणत्याही पानावर हे आढळले नव्हते. दुसरी गोष्ट, कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तासांचे उड्डाण लागते. माहितीपत्रकात त्याला वर्ष-दीड वर्ष सांगतात. विमाने नादुरुस्त, प्रशिक्षक कमी, पावसाळा लांबला, की त्याची तीन वर्षे होतात आणि वसतिगृहाचा खर्च चालूच राहतो. संस्थेला विचारा : आज उडण्याजोगी विमाने किती, विद्यार्थी किती, मागच्या तुकडीला सरासरी किती महिने लागले? डीजीसीएने २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणीवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे, ती पाहा. तिसरी गोष्ट, लायसन्स हातात आल्यावर विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेचा, म्हणजे टाइप रेटिंगचा, खर्च बहुधा वेगळा असतो, आणि नोकरी लगेच मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. हातात लायसन्स घेऊन वर्ष-दोन वर्षे वाट पाहणारी मुले आहेत. बँकेचा हप्ता मात्र वाट पाहत नाही.

तो मुलगा मेडिकलला पास झाला. आता तो रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतो आहे आणि सोबत बीएस्सीही करतो आहे. जमीन अजून विकलेली नाही. पायलट होऊच नये असे मी कधी सांगत नाही. ज्या घरात दुसरा आधार नाही, त्या घराने सगळी पुंजी एकाच डावावर लावू नये, एवढे मात्र ठामपणे सांगतो.

विमानांचे यंत्र ज्याला खुणावते त्याच्यासाठी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर हा मार्ग आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, मग डीजीसीए मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, मग मॉड्यूलच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. इथे संस्थेचा दाखला कामाचा नाही, लायसन्स कामाचे आहे. परीक्षा कठीण असतात आणि अर्ध्यावर सोडणारेही असतात, पण विमान उड्डाणयोग्य असल्याची सही करण्याचा अधिकार या लायसन्सने मिळतो. नागपूरला मिहानमध्ये बोइंग विमानांच्या दुरुस्तीचा मोठा तळ आहे. आणि आपल्याला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे ओझर. नाशिकजवळच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग बनली, सुखोई बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क वन-ए ने उड्डाण केले. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडच्या आयटीआय मुलांना तिथे अप्रेंटिसशिप मिळते. काकडीच्या टर्मिनलकडे डोळे लावून बसलेल्या किती मुलांनी ओझरचा फॉर्म भरला, हे मी दरवर्षी विचारतो. फार थोडे हात वर होतात.

अंगात ताकद आहे, गाडीवर हात बसलेला आहे, अभ्यासात मध्यम आहे, अशा मुलासाठी विमानतळाचे अग्निशमन दल पाहा. विमानतळ प्राधिकरणाच्या फायर सर्व्हिसला बारावी किंवा दहावीनंतरचा मेकॅनिकल, ऑटोमोबाइल, फायर यांपैकी डिप्लोमा चालतो, सोबत वाहन परवाना आणि शारीरिक चाचणी. आंतरराष्ट्रीय नियम असा की इशारा मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत बंब धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पोचला पाहिजे. वर्षानुवर्षे काही घडत नाही, तरी सराव रोज करावा लागतो. शिस्त आवडणाऱ्या मुलांचे हे काम आहे. परवाना अठरा पूर्ण होताच काढून ठेवा. ऐन जाहिरातीच्या वेळी परवान्याची मुदत भरत नाही म्हणून चांगली मुले बाहेर राहतात.

केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफचे वर्ग चालवणाऱ्या संस्था आता तालुक्याच्या गावीही आल्या आहेत. लाख-दोन लाख फी, शंभर टक्के नोकरीची हमी. ग्राउंड स्टाफच्या बहुतेक जागांना बारावी किंवा पदवी, चांगले बोलणे आणि नीटनेटकेपणा एवढेच लागते. विमान कंपन्या थेट मुलाखती घेतात, त्यांच्या संकेतस्थळावर तारखा असतात. या संस्थांच्या दाखल्यावाचून अडत नाही. तोच पैसा इंग्रजी-हिंदी संभाषणावर खर्च करा, आणि आणखी एक भाषा शिका : तेलुगू. शिर्डीच्या बाजारपेठेतली किती माणसे व्यवहारापुरती तेलुगू बोलतात ते पाहा. हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरूहून येणारा भाविक त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणाऱ्याकडे विश्वासाने वळतो. टॅक्सी, हॉटेल, प्रवासनियोजन या धंद्यांत हे थेट उत्पन्न आहे.

शेतीच्या घरातल्या मुलांनी मालवाहतुकीकडे लक्ष ठेवावे. डाळिंब, पेरू, फुले हा सगळा नाशवंत माल. त्याचे शीतकरण, पॅकिंग, प्रतवारी आणि निर्यातीची कागदपत्रे जाणणारी माणसे कमी आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठातली पदवी आणि निर्यात व्यवस्थापनाचा एखादा अभ्यासक्रम अशी जोडी जमली, तर विमान इथून उडो की मुंबईहून, काम मिळेल.

राहता राहिला मुलींचा प्रश्न, कारण तो आई-वडील हळू आवाजात विचारतात. "रात्रपाळी असते ना?" असते. रात्रीची उड्डाणे वाढतील तशी ती वाढेल. भारतात महिला पायलटांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे, जगात ते सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. टॉवरमध्येही मुली आहेत. मुलाखतीच्या वेळी किंवा रुजू होण्याआधी रात्री ने-आण कोण करणार, निवासस्थान मिळते का, बदलीचे धोरण काय, हे मुलीने स्वतः विचारावे. ठेकेदाराकडची कंत्राटी नोकरी असेल तर हे लेखी घ्यावे.

आणि अकरावीचा प्रवेश अर्ज समोर असेल तर गणित सोडू नका. मेडिकलकडे जाणारी मुले जीवशास्त्र घेऊन गणिताला रामराम ठोकतात आणि वर वर्णिलेल्या बहुतेक वाटा सोळाव्या वर्षीच बंद करून घेतात. ज्यांनी वाणिज्य किंवा कला शाखा घेतली आहे, त्यांना भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नंतर देता येतात. त्याचे अर्ज वर्षातून दोनदा निघतात.