शब्द एक, अर्थ अनेक : ‘बॉक्सिंग’ या शब्दावरील एक पाठ

प्रास्ताविक

सातवीच्या वर्गात गुरुजींनी ‘बॉक्सिंग म्हणजे मुष्टियुद्ध’ असे फळ्यावर लिहून दिले आहे आणि मुलांनी ते वहीत उतरवून तोंडपाठ केले आहे, अशी कल्पना करावी. डिसेंबरअखेर क्रिकेटच्या सामन्याचे धावते वर्णन ऐकून आलेला एक मुलगा विचारतो, “गुरुजी, मेलबर्नला बॉक्सिंग डेचा कसोटी सामना सुरू झाला म्हणतात. त्या दिवशी खेळाडू आधी ठोसे लगावतात का?” वर्ग हसतो. गुरुजीही हसले, तर मुलगा खाली बसतो आणि पुन्हा प्रश्न विचारावयास धजत नाही.

वस्तुतः त्या मुलाचे काहीच चुकलेले नाही. त्याला जो एक अर्थ देण्यात आला, तो त्याने प्रामाणिकपणे लावून पाहिला. चूक असलीच, तर ती एका शब्दापुढे एकच अर्थ मांडणाऱ्या अध्यापनाची आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजीचा परिचय पहिलीपासून होऊ लागला. तेव्हापासून शब्दार्थांच्या याद्या मुलांच्या हाती अधिकच लवकर पडतात. म्हणून शब्दाचा अर्थ वाक्यात पाहण्याची सवय मुलांना प्राथमिक शाळेतच लावणे अगत्याचे झाले आहे. त्या दृष्टीने ‘बॉक्सिंग’ हा शब्द घेऊन पाठ कसा रचावा, याचे दिग्दर्शन येथे केले आहे.

पूर्वज्ञान : मातृभाषेपासून आरंभ

पाठाचा आरंभ इंग्रजीपासून न करता मुलांच्या बोलीतील ‘मूठ’ या शब्दापासून करावा. मूठभर दाणे, विळ्याची मूठ, पेरणीच्या वेळी धरलेली मूठ, झाकली मूठ, आणि एखाद्या वाईट चालीला दिलेली मूठमाती, असे प्रयोग मुलांकडूनच काढून घ्यावेत. हे सर्व अर्थ एकाच हाताच्या मुठीतून निघाले आहेत, हे मुले सहज ओळखतील. एका खोडाला फुटलेल्या या फांद्याच होत.

नंतर ‘पाठ’ हा शब्द घ्यावा. ‘ओझे वाहून पाठ दुखते’ आणि ‘गुरुजींनी पाठ शिकविला’ या दोन वाक्यांत शब्दाचे रूप एकच आहे. परंतु ती पाठ वेगळी आणि तो पाठ वेगळा. पहिली संस्कृतातील ‘पृष्ठ’ या शब्दापासून आली, तर दुसरा ‘पठ्’ म्हणजे वाचणे या धातूपासून. येथे एकाच खोडाच्या फांद्या नसून एकमेकांशेजारी उभी असलेली, सारख्या पानांची दोन झाडे आहेत.

हे दोन प्रकार मनात ठसले, म्हणजे ‘बॉक्सिंग’ समजावयास मुलांना अडचण पडत नाही. कारण या शब्दात दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत.

विषयप्रतिपादन

(१) पेटीचा ‘बॉक्स’. युरोपात ‘बॉक्स’ नावाचे एक सदाहरित झुडूप आहे. त्याचे लाकूड कठीण व बारीक पोताचे असते. ग्रीक भाषेत या झाडाच्या नावावरून त्याच्या लाकडाच्या डबीस ‘पिक्सिस’ म्हणत. तो शब्द लॅटिनमधून इंग्रजीत गेला आणि ‘बॉक्स’ म्हणजे पेटी झाला. पेटीत माल भरण्याच्या क्रियेस साहजिकच ‘बॉक्सिंग’ म्हणतात. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात काँक्रीट ओतण्यापूर्वी फळ्यांचा जो साचा उभारतात, त्यासही ‘बॉक्सिंग’ असे नाव आहे. रेल्वेच्या रुळांखाली व स्लीपरांभोवती घातलेली खडी ठरावीक आकारात नीट रचून घेणे, यास आपल्या रेल्वेवरील कामगारही ‘बॉक्सिंग’ म्हणतात. ज्या शाळेजवळून लोहमार्ग जातो, तेथील मुलांनी हा शब्द ऐकलेला असण्याचा संभव आहे. तेथे मुष्टियुद्धाचा काहीएक संबंध नाही.

‘बॉक्सिंग डे’ हाही याच कुळातील होय. नाताळाचा दुसरा दिवस, म्हणजे २६ डिसेंबर, इंग्लंडात या नावाने ओळखला जातो. नाताळानिमित्त टपालवाले, नोकरचाकर आणि दुकानातील पोरे यांना बक्षिसी देण्याची तेथे जुनी चाल होती. त्या देणगीस ‘ख्रिसमस बॉक्स’ म्हणत. आपल्याकडे दिवाळीत पोस्त मागण्याची व देण्याची चाल होती, तिची आठवण यावरून व्हावी. चर्चमधील दानपेट्या या दिवशी उघडून ती रक्कम गोरगरिबांस वाटीत, असाही या नावाचा उलगडा सांगितला जातो. मेलबर्न येथे सन १९८० पासून हा कसोटी सामना दरवर्षीचा झाला. सन २०२० मध्ये याच सामन्यात अजिंक्य रहाणे यांनी कर्णधार या नात्याने ११२ धावा केल्या आणि भारताने ८ गडी राखून विजय मिळविला, हे सांगितल्यास मुलांचे लक्ष वेधले जाईल.

(२) ठोशाचा ‘बॉक्स’. याचे रूप तेच, परंतु अर्थ ठोसा किंवा चपराक. पेटीच्या शब्दाशी याचे नाते जुळविता आलेले नाही. म्हणून यास वेगळे झाड समजावे. यापासून मुष्टियुद्ध या अर्थाचा ‘बॉक्सिंग’ झाला. हा खेळ पुरातन आहे. ग्रीकांच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याचा समावेश इसवी सनापूर्वी ६८८ मध्ये झाला, असे परंपरा सांगते. इंग्लंडात सन १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, ३ मिनिटांची फेरी व १ मिनिटाची विश्रांती आवश्यक ठरविली. आधुनिक ऑलिंपिकमध्ये तो सन १९०४ मध्ये आला. स्त्रियांना मात्र त्यासाठी सन २०१२ पर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी लंडन येथे मणिपूरच्या मेरी कोम यांनी कांस्यपदक मिळविले.

चीनमध्ये सन १९०० च्या सुमारास परकीयांविरुद्ध उठाव झाला. त्यातील संघटनेच्या चिनी नावात ‘मूठ’ हा शब्द होता व तिचे लोक मुष्टिप्रहाराची कसरत करीत. म्हणून इंग्रजांनी त्यांस ‘बॉक्सर’ म्हटले.

(३) एक फसवा प्रयोग. ‘बॉक्सिंग द कंपास’ हे शब्द ऐकताच आपली मुले कंपासपेटीची कल्पना करतील, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु नाविकांच्या भाषेत याचा अर्थ होकायंत्रावरील ३२ दिशा क्रमाने, न चुकता म्हणून दाखविणे असा आहे. केवळ शब्द सुटे करून अर्थ लागत नाही, हे पटविण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

फलकलेखन

फळ्याचे दोन भाग करावेत. एकीकडे पेटीचे व दुसरीकडे मुठीचे चित्र काढावे. पुढील वाक्ये सांगून प्रत्येक वाक्य कोणत्या चित्राखाली जाईल, हे मुलांना विचारावे :

१. कामगारांनी लोहमार्गावरील खडीचे बॉक्सिंग पुरे केले.
२. लवलीना बोर्गोहाईं यांना सन २०२१ मध्ये टोकियो येथे बॉक्सिंगमध्ये कांस्यपदक मिळाले.
३. बॉक्सिंग डेच्या दिवशी टपालवाल्यास बक्षिसी मिळाली.
४. मालाचे बॉक्सिंग होताच गाडी निघाली.

प्रत्येक उत्तरानंतर “वाक्यातील कोणत्या शब्दावरून ओळखले?” हा प्रश्न अवश्य विचारावा. खडी, पदक, बक्षिसी, माल अशी खूण मुलाने स्वतः दाखविली, तरच पाठाचा हेतू साधला असे समजावे.

स्वाध्याय

‘डबा’, ‘पेटी’ व ‘हार’ या शब्दांचे निरनिराळे अर्थ दाखविणारी वाक्ये मुलांनी घरून लिहून आणावीत. आगगाडीचा डबा व शेतावर न्यावयाचा डबा, टपालाची पेटी व भजनातील पेटी, फुलांचा हार व सामन्यातील हार, यांपैकी पुष्कळसे त्यांना आपोआप सुचेल. मग ‘एका खोडाच्या फांद्या’ कोणत्या आणि ‘दोन झाडे’ कोणती, याची चर्चा वर्गात करावी.

शिक्षकांस सूचना

इंग्रजीत ‘बॉक्सिंग द इअर्स’ असाही एक प्रयोग आहे. त्याचा अर्थ कानशिलात लगावणे. चुकलेल्या उत्तराला हा प्रसाद देण्याची रीत एके काळी तिकडच्या व इकडच्याही शाळांत होती. बालकांच्या शिक्षणहक्काच्या सन २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली आहे. हात आवरणे त्यामानाने सोपे आहे. हसू आवरणे कठीण. मुलाचे उत्तर चुकले, तर त्याने ते कोणत्या विचाराने दिले हे प्रथम विचारावे. बहुधा त्यामागे एक खरा अर्थ चुकीच्या जागी लावलेला आढळेल. तो अर्थ कोठे बरोबर बसतो हे आधी सांगावे आणि मग नवा अर्थ द्यावा. असे झाले, तर बॉक्सिंग डेबद्दल विचारणारा तो मुलगा दुसऱ्या दिवशी आणखी एक शब्द घेऊन वर्गात येईल.