सशांना तोंडावाटे प्रतिजैविकें देतांना: शोषण आणि मात्रा

ससेपालन करणाऱ्या आमच्या सभासदांकडून एक प्रश्न वारंवार येतो: ससा शिंकतो, नाक गळतें, घरांत मुलांच्या औषधाची बाटली शिल्लक आहे, तीच थोडी पाजली तर चालेल काय? ह्याचें उत्तर आम्हांस पुस्तकांतून मिळण्यापूर्वीं नुकसानींतून मिळालें. एका पावसाळ्यांत आमच्या एका व्यालेल्या मादीस सर्दी झाली. घरीं अमॉक्सिसिलिन होतें. तें आम्हीं अंदाजानेंच तीन दिवस पाजलें. नाक कोरडें झालें, तेव्हां आम्हांस समाधान वाटलें. पांचव्या दिवशीं तिनें खाणें सोडलें, पाण्यासारखी हगवण लागली, आणि दुसऱ्या सकाळीं ती पिंजऱ्यांत मरून पडलेली आढळली. मागें दुधावरचीं सहा पिल्लें राहिलीं. त्यांपैकीं दोनच जगलीं. तिला सर्दीनें नव्हे, आमच्या औषधानें मारलें. असा प्रसंग वाचकांवर येऊं नये, म्हणून हा विषय येथें क्रमानें मांडीत आहों.

सशाचें पोट. ससा गवत खातो, पण गाईप्रमाणें रवंथ करीत नाहीं. गाईचा चारा पचनाच्या आरंभींच मोठ्या पोटांत आंबतो. सशाचा चारा शेवटीं, लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्याजवळील आंधळ्या आंतड्यांत आंबतो. ही पिशवी त्याच्या देहाच्या मानानें फार मोठी असून पचनमार्गांतील एकंदर मालाचा सुमारें ४० टक्के भाग तींत सांठतो. तेथें असंख्य उपयोगी जंतु नांदतात. त्यांनीं तयार केलेलीं प्रथिनें व जीवनसत्त्वें मऊ लेंड्यांच्या रूपानें बाहेर येतात, आणि ससा त्या गुदद्वारापासूनच उचलून गिळतो. म्हणून ही जंतूंची वस्ती हें सशाचें भांडवलच होय. शिवाय सशाला ओकतां येत नाहीं. एकदां गिळलेलें औषध परत निघत नाहीं.

औषध कसें शोषलें जातें. तोंडावाटे दिलेलें औषध जठरांतून लहान आंतड्यांत उतरतें व तेथून रक्तांत शिरतें. जेवढें रक्तांत शिरलें, तेवढेंच नाकाच्या वा फुफ्फुसाच्या रोगावर चालतें. एन्रोफ्लॉक्सासिन तोंडावाटे दिल्यास त्याचा सुमारें ६० टक्के भाग सशाच्या रक्तांत पोहोंचतो. उरलेलें औषध खालीं आंधळ्या आंतड्यांत जातें; कांहीं औषधें तर रक्तांत शिरल्यावरही पित्तावाटे पुन्हां आंतड्यांत येतात. तेव्हां प्रत्येक वेळीं दोन प्रश्न विचारावे: रक्तांत किती गेलें, आणि आंतड्यांत उरलेल्या भागानें तेथें काय केलें?

शोषणास अडथळा आणणारी मुख्य वस्तु म्हणजे चुना, अर्थात् कॅल्शियम. टेट्रासायक्लिन वर्गाचीं औषधें आणि एन्रोफ्लॉक्सासिन हीं कॅल्शियमशीं बांधलीं जाऊन शोषणास निरुपयोगी होतात. लसूणघासांत कॅल्शियम पुष्कळ असतें, दुधांतही असतें. म्हणून हीं औषधें दुधांत कालवूं नयेत व लसूणघासाबरोबर देऊं नयेत. त्या वेळीं साधें वाळलें गवत पुढें ठेवावें.

घातक औषधें. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन व एरिथ्रोमायसिन हीं सशाला तोंडावाटे कधींही देऊं नयेत. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन वर्गाचींही तोंडावाटे देऊं नयेत. हीं आंतड्यांतील उपयोगी जंतु मारतात. मोकळ्या झालेल्या जागीं क्लॉस्ट्रिडियम स्पिरोफॉर्मे नांवाचा जंतु वाढून विष सोडतो. हगवण लागते आणि ससा दगावतो. हा परिणाम औषध थांबविल्यावरही कांहीं दिवसांनीं दिसूं शकतो, म्हणून पालकाला दोन्ही गोष्टींचा संबंध ध्यानांत येत नाहीं. नुकतींच दूध तुटलेलीं पिल्लें ह्याला लवकर बळी पडतात. लिंकोमायसिन कोंबड्यांच्या व डुकरांच्या खाद्यांतही मिसळलेलें असूं शकतें; तें खाद्य सशांना घालणें म्हणजे अजाणतां विष घालणेंच होय.

ह्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. १९४० सालीं ऑक्सफर्ड येथें पेनिसिलिनची परीक्षा उंदरांवर झाली व तीं यशस्वी ठरली. पण १९४३ सालीं तेंच औषध गिनीपिगांना मारक असल्याचें प्रसिद्ध झालें. एका जनावराचें अमृत दुसऱ्याचें विष ठरतें. मार्गाचाही फरक आहे: सशाच्या उपदंशासारख्या रोगांत पशुवैद्य पेनिसिलिन सुईनें त्वचेखालीं देतात, तेंच तोंडावाटे दिल्यास प्राणघातक ठरतें.

मात्रा कशी काढावी. पशुवैद्य सशांसाठीं बहुधा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा निवडतात. मात्रा नेहमीं वजनावर असते, म्हणून प्रथम ससा तराजूवर तोलावा. नजरेचा अंदाज फसतो. समजा, पशुवैद्यानें दर किलोस १० मिलिग्राम एन्रोफ्लॉक्सासिन दिवसांतून दोनदां सांगितलें आणि ससा २ किलोचा आहे. तर एका वेळची मात्रा २० मिलिग्राम. कोंबड्यांसाठीं मिळणाऱ्या १० टक्क्यांच्या द्रावणांत दर मिलिलीटरला १०० मिलिग्राम औषध असतें. म्हणजे सशास अवघें ०·२ मिलिलीटर लागेल. एवढें थोडें मोजतांना चूक होते. म्हणून पशुवैद्याच्या संमतीनें १ भाग औषधांत ९ भाग स्वच्छ पाणी घालावें. मग दर मिलिलीटरला १० मिलिग्राम होऊन मात्रा २ मिलिलीटर येते. हें मिश्रण रोज ताजें करावें.

पिण्याच्या पाण्यांत औषध घालण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण फसवा आहे. आजारी ससा पाणी कमी पितो, आणि औषध कडू लागल्यास मुळींच पीत नाहीं. ज्याला औषधाची अधिक गरज, त्यालाच तें कमी मिळतें.

पाजण्याची रीत. ससा टॉवेलांत गुंडाळून मांडीवर बसवावा. उताणा करूं नये. सुई नसलेली पिचकारी पुढील दातांमागच्या मोकळ्या जागेंतून, बाजूनें तोंडांत घालावी व औषध थोडें थोडें सोडावें. घाईनें सोडल्यास तें श्वासनलिकेंत जातें. औषध चालू असतां वाळलें गवत व पाणी सदैव पुढें असावें; सशास उपाशी ठेवूं नये. बारा तास त्यानें कांहींच खाल्लें नाहीं, लेंड्या बारीक झाल्या किंवा हगवण लागली, तर पुढील मात्रा न देतां तात्काळ पशुवैद्यास कळवावें. सांगितलेले दिवस मात्र पुरे करावे. नाक कोरडें झालें म्हणून मध्येंच थांबविल्यास रोग उलटतो, आणि उरलेले जंतु त्या औषधाला जुमानीत नाहींत.

मांसासाठीं पाळलेल्या सशांत एक जबाबदारी अधिक असते. औषधाचा अंश मांसांतून जाईपर्यंत ससा विकूं नये. ती मुदत पशुवैद्यास विचारून पिंजऱ्यावर लिहून ठेवावी. क्लोरॅम्फेनिकॉल मांसाच्या सशाला देऊंच नये. २०१९ सालीं भारत सरकारनें अन्नोपयोगी जनावरांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी केली, तीही माणसाचें शेवटचें औषध निकामी होऊं नये म्हणूनच.

सारांश, वजन, मार्ग आणि औषधाचें नांव ह्या तीन गोष्टी निश्चित झाल्यावांचून सशाच्या तोंडांत थेंबही घालूं नये. आमच्या पिंजऱ्यांजवळील फळीवर आतां एक तराजू, एक पिचकारी आणि नोंदवही असते; मुलांच्या औषधाची बाटली तेथें आम्ही ठेवीत नाहीं.