संगणकावर घर आखताना
कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना १५,००० घरे मिळाली. आम्ही मात्र आहे त्याच जागेत मागे एक खोली वाढवणार आहोत. तिचा नकाशा मी ‘स्वीट होम थ्रीडी’ या मोफत प्रोग्रॅमवर काढला आणि प्रथम फसलो. रेघ भिंतीच्या मधोमध धरली जाते, म्हणून ९ इंची भिंतींच्या १० फुटी खोलीत आत सव्वानऊ फूटच उरतात! तेव्हा आतले माप टेपने घेऊन भिंतीची जाडी आधी भरावी. तयार सामानात सोफा आहे, विड्यांचे सूप कुठले असणार? आईच्या बैठकीएवढा चौकोनच ठेवला. उत्तर दिशा, सोलापूर, तारीख व वेळ भरून चित्र काढले, तर दुपारी चारचे ऊन पश्चिमेच्या खिडकीतून नेमके तिथेच!
आई म्हणाली, “तिथं ऊन नको रे, पानं वाळतात.”
खिडकी उत्तरेला नेली.