पाइप वाकवण्याआधी

पाइप वाकवायचा म्हटलं की सगळे आधी भट्टीकडे पळतात. माझं म्हणणं, आधी खडू घ्या! ९० अंशांच्या बेंडला मध्यरेषेच्या त्रिज्येच्या १.५७ पट लांबी लागते; म्हणजे त्रिज्या १०० मिमी असेल, तर १५७ मिमीवर दोन खुणा. पत्र्यावर मोरचूद लावून स्क्रायबरने रेघ मारतो, तशी इथे नको. बाहेरची बाजू ताणली जाते, ओरखड्यापाशी चीर पडू शकते.

पाइप चपटा होऊ नये म्हणून वाळू ठासून भरतात. ती मात्र पूर्ण कोरडीच हवी. ओल राहिली तर तापवताना वाफ कोंडते आणि टोकाचं लाकडी बूच गोळीसारखं सुटतं. म्हणून पाइपच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही, अगदी सरसुद्धा!