तापलेले प्लॅस्टिक आणि भाजलेली बोटे

नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तयार होते, हे आपल्या रायगडात बहुतेकांना ठाऊक असते. पण हेच प्लॅस्टिक तापल्यावर कसे वागते, याचा विचार आपण भाजल्यावरच करतो.

बर्फ शून्य अंशाला वितळून सरळ पाणी होतो. प्लॅस्टिकचे तसे नाही. त्याचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. उष्णता मिळाली की त्या सैल होऊन एकमेकींवरून सरकू लागतात. वस्तू आधी नरम पडते, मग काकवीसारखी घट्ट वाहू लागते. पाण्याची बाटली ७० ते ८० अंश सेल्सिअसलाच मऊ होते. पातळ पिशवीचे पॉलिथिन सुमारे ११० अंशांना वितळते, दोरखंडाचे पॉलिप्रॉपिलिन १६०च्या पुढे, जाळ्याचे नायलॉन २२०च्या आसपास. पापलेट तळलेले तेल १८०च्या घरात असते. ते प्लॅस्टिकच्या बरणीत गाळण्याआधी पुरते निवू द्यावे. चहाने पिशवी वितळत नाही हे खरे, पण म्हणून तो चहा निर्धोक ठरत नाही. द्रव जितका गरम, तितकी प्लॅस्टिकमधील द्रव्ये त्यात जास्त उतरतात.

माझ्या दवाखान्यात मात्र वेगळेच रुग्ण येतात. दोरीचे टोक उसवू नये म्हणून आपले कोळी बांधव ते पेटवतात आणि गरम असतानाच बोटांनी वळतात. वर्षानुवर्षांची सवय! उकळते पाणी कातडीवरून ओघळून जाते. वितळलेले प्लॅस्टिक चिकटते, आणि ते उष्णतेचे मंदवाहक असल्याने आतून लवकर निवत नाही. म्हणून डाग लहान दिसला तरी जखम खोल असते. पेटवलेल्या कचऱ्यातली पिशवी पायावर ठिबकली तरी हाच प्रकार.

अशा वेळी भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. होडीवर असाल तर पिण्याच्या पाण्याचा कॅन वापरा. बर्फ लावू नये. अंगठी सूज येण्यापूर्वी काढावी. चिकटलेले प्लॅस्टिक ओढू नये, त्याबरोबर कातडी सोलून येते; ते डॉक्टरांना काढू द्या. हळद, टूथपेस्ट, शाई काही नको, आणि हाताशी आहे म्हणून डिझेल तर मुळीच चोळू नका. बोटाला चहूबाजूंनी भाजले असेल, डाग पांढरा पडून बधिर झाला असेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, तेही तिथे सांगावे.